आमची वाटचाल: तीन ठोकळे, पाच सण

सणांची नावं रंगवलेले लाकडी ठोकळे आम्ही घरी करतो. आमच्या घरात लाकूड आलं ते नंदीबैलांमुळे. सासरे, म्हणजे आमचे बाबा, नागपुरातल्या महाल भागातले सुतार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो; पोरं सजवलेले लाकडी नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. भोसल्यांच्या काळापासूनची ही रीत. श्रावण लागला की बाबांना जेवायलाही फुरसत नसायची. बाकीचं वर्ष दारांच्या चौकटी करण्यात जायचं.

त्या चौकटींचे उरलेले सागवानी तुकडे पाणी तापवायच्या बंबात जात. ते मला बघवत नसे. एका दिवाळीत बाबांकडून अडीच इंचाचे तीन चौकोनी ठोकळे कापून घेतले, त्यांवर दि, वा, ळी रंगवलं आणि रांगोळीपाशी ठेवले. शेजारच्या काकूंनी तिथेच दोन संच सांगितले. मग वाटलं, बाकीच्या बाजू कोऱ्या का ठेवायच्या? बोटांवर सणांची नावं मोजली. संक्रांत, पाडवा, दसरा, दिवाळी: चारही तीन अक्षरी! ठोकळ्याच्या चार बाजूंना चार सण बसले आणि वर्षभर ठोकळा फिरवत राहायची सोय झाली. पुढे मोहननगरच्या एक बाई म्हणाल्या, "ताई, आमचा नाताळ कुठाय?" ना, ता, ळ. तोही तीनच अक्षरांचा. तो वरच्या बाजूवर गेला. तळ मात्र आम्ही रंगवत नाही, नुसता पॉलिश करतो. घेणाऱ्याला लाकूड दिसलं पाहिजे.

खरं काम शिरोरेघेचं आहे. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आपली अक्षरं एका रेघेला लटकतात. रेघ एका ठोकळ्यावर जराशी जरी खाली गेली तरी शब्द तुटतो. म्हणून तिन्ही ठोकळे शिकंज्यात घट्ट आवळून रेघ एकदमच ओढायची, वरून पाऊण इंचावर, म्हणजे वेलांटीला आणि अनुस्वाराला जागा राहते. सगळ्यांत अवघड अक्षर 'क्रां'. तेवढ्या जागेत क, र, काना आणि अनुस्वार बसवायला मी आजही सगळ्यांत बारीक ब्रश घेते.

पहिली मोठी ऑर्डर ६० संचांची होती. घरचे तुकडे पुरणार नव्हते, म्हणून बाहेरून लाकूड घेतलं. व्यापाऱ्याने सुकं आहे सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला. बाबांनी एक तुकडा हातात तोलला आणि म्हणाले, "हे लाकूड अजून पाणी सोडून राह्यलं ना बाई." मला तारखेची घाई होती. ऐन पावसाळ्यात रंगवून माल दिला. थंडी पडेपर्यंत अर्ध्याहून जास्त संचांची शिरोरेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली, काहींना चिरा गेल्या. सगळे परत घेतले, पैसे दिले. त्या दिवाळीचा नफा गेलाच, वर साठवणीतलेही घालावे लागले.

कारण बाबांनी समजावलं. लाकूड सुकताना रुंदीत आखडतं, लांबीत जवळजवळ नाही. आम्ही लाकडाच्या अंगच्या रेषा आडव्या ठेवून ठोकळे कापले होते, त्यामुळे प्रत्येकाची उंची वेगवेगळी कमी झाली. आता रेषा उभ्याच ठेवतो. थोडंफार आखडलं तरी रुंदीत आखडतं, शिरोरेघ जागची हलत नाही. मात्र अशाने लाकडाचं आडवं कापलेलं तोंड वर येतं आणि ते रंग पितं, म्हणून नाताळच्या बाजूला प्रायमरचे दोन हात जास्त.

सुकवणंही बदललं. तुकडे जिन्याखाली, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचतो. कूलर असलेल्या खोलीत एकही ठेवत नाही. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ अंशांवर असला तरी कूलरसमोर लाकूड पाणी पितं. दर रविवारी त्यातले दोन-तीन तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते. वजन उतरायचं थांबलं, की मगच करवत. पॉलिश पेपर खरखरीतपासून बारीक, ८०, १२०, २२० या क्रमाने, तोंडाला रुमाल बांधूनच; सागाच्या भुशाने तर माझ्या हातांवरही पुरळ उठतं.

लहान मुलांसाठी म्हणून कुणी मागितलं तर आम्ही स्पष्ट सांगतो की ही शोभेची वस्तू आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह सक्तीचं झालं आहे, आणि आमच्या ठोकळ्यांवर ते नाही.

गेल्या वर्षापासून चार ठोकळ्यांचा संचही करतो: गणपती, नवरात्र, नववर्ष आणि बाबांच्या आठवणीसाठी तान्हा पोळा. त्यातलं 'न्हा' अजून मला हवं तसं जमलेलं नाही, तीन वेळा बदलून झालं.

दिवाळीला ठोकळे हवे असतील त्यांनी पोळ्याच्या आत सांगावं. त्यानंतर आलेली मागणी आम्ही गुढीपाडव्यासाठी लिहून घेतो.