दाढीचा ब्रश: प्राण्याच्या केसांचा की प्लास्टिकच्या धाग्यांचा?

फोम आणि जेलच्या डब्यांमुळे ब्रशने फेस काढून दाढी करणारे कमी झाले असले, तरी पुण्यात त्यांची जमात अजून टिकून आहे. तुळशीबागेच्या आसपास, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा कोपऱ्यावरच्या एखाद्या जनरल स्टोअरमध्ये ब्रश मागितला तर तो हमखास मिळतो. मात्र त्याचे केस कसले आहेत हे सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारलेच तर 'ओरिजिनल आहे, साहेब' एवढ्या उत्तरावर विषय मिटवला जातो. वास्तविक ब्रश किती वेळ भिजवायचा, त्याच्या जोडीला साबण कोणता घ्यायचा आणि पावसाळ्यात तो कसा सांभाळायचा, हे सगळे याच एका माहितीवर अवलंबून असते. दोन्ही प्रकारचे ब्रश बराच काळ आलटूनपालटून वापरल्यावर माझे मत असे झाले आहे, की पुण्याच्या हवेत रोजच्या वापराला सिंथेटिक ब्रश उजवा ठरतो, डुकराच्या केसांचा ब्रश वडीच्या साबणाबरोबर त्याच्या तोडीस तोड काम देतो, आणि बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांच्या ब्रशची कीर्ती त्याच्या कामाच्या मानाने बरीच मोठी आहे.

नैसर्गिक ब्रश प्रामुख्याने डुक्कर, घोडा आणि बॅजर या तीन प्राण्यांच्या केसांपासून बनतात. घोड्याचे केस आयाळीचे आणि शेपटीचे असतात, ते कातरून घेता येतात आणि त्यासाठी जनावराचा जीव घ्यावा लागत नाही. गुणांनी हा ब्रश इतर दोघांच्या मधोमध बसतो आणि आपल्या बाजारात तो क्वचितच दिसतो. बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळे खणून राहणारा प्राणी. ब्रिटनमध्ये त्याला १९९२ च्या स्वतंत्र कायद्याने संरक्षण आहे, त्यामुळे इंग्लंडमधल्या नामांकित ब्रशांतले बॅजरचे केससुद्धा तिथले नसतात. या व्यापारातला मोठा पुरवठा चीनमधून होतो. बॅजरच्या केसाचे टोक फिकट, मधला पट्टा काळपट आणि मूळ पुन्हा फिकट असते, आणि हे पट्टेच त्याची ओळख मानली जातात. 'प्युअर', 'बेस्ट', 'सिल्व्हरटिप' अशी त्याची प्रतवारी केली जाते खरी, पण त्यामागे सर्वांना बांधील असे कोणतेही प्रमाण नाही. एका कंपनीचा 'बेस्ट' दुसऱ्या कंपनीच्या 'प्युअर'पेक्षा राठ निघाला, तर तक्रार करायला जागा नसते.

डुकराच्या केसांचा ब्रश मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. इटलीतली ओमेगा आणि पोर्तुगालमधली सेमोग या कंपन्यांची ओळख प्रामुख्याने याच ब्रशांमुळे आहे. नवा ब्रश कोरडाच तळहातावर दाबला तर टोके चक्क टोचतात आणि पहिले काही दिवस त्याला ओल्या जनावरासारखा वास येतो, त्यामुळे अनेक जण याच टप्प्यावर त्याला रामराम ठोकतात. त्यांनी थोडा धीर धरायला हवा. या केसांचे वैशिष्ट्य असे, की वापरता वापरता त्यांची टोके दुभंगतात. काही आठवड्यांनी ब्रश उजेडात धरून भिंगातून पाहिला, तर एकेका जाड केसाच्या टोकाला दोन-तीन बारीक फाटे फुटलेले दिसतात. टोकाला मऊ आणि बुंध्याशी ताठ, अशी जी जोडी ब्रश वापरणाऱ्याला हवी असते, ती येथे आपोआप जमून येते. त्यामुळे डुकराच्या केसांचा मुरलेला ब्रश नव्यापेक्षा निर्विवादपणे चांगला असतो, आणि असे सिंथेटिक ब्रशबद्दल म्हणता येत नाही. तो पहिल्या दिवशी जसा असतो, तसाच पुढेही राहतो.

ब्रश पाणी कसे धरतो, याविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत. प्राण्याचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि तो आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषू शकतो. नायलॉन त्या मानाने फारच कमी शोषते आणि आजच्या चांगल्या सिंथेटिक ब्रशांत वापरले जाणारे पीबीटी, म्हणजे पॉलिएस्टरच्या घराण्यातले प्लास्टिक, एक टक्काही शोषत नाही. एवढ्या आकड्यांवरून 'सिंथेटिक ब्रश पाणी धरत नाही' असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चुकीचा आहे. ब्रशमधले बहुतेक पाणी केसांच्या आत साठलेले नसून दोन केसांच्या मधल्या अरुंद जागेत केशाकर्षणाने धरलेले असते आणि तशी जागा सिंथेटिक गुच्छातही भरपूर असते. फरक पडतो तो पाणी सोडण्यात. धागा स्वतः काहीच पीत नसल्यामुळे सिंथेटिक ब्रश पाणी आणि फेस दोन्ही चटकन सोडून देतो. म्हणून तो भिजवल्यावर दोनदा झटकून घ्यावा लागतो, नाहीतर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळते. शोषण्याचा परिणाम केसाच्या ताठपणावर मात्र नक्की होतो. डुकराचा केस पाणी पिऊन लवचीक होतो, आणि त्यामुळेच तो ब्रश अंघोळ आटोपेपर्यंत कोमट पाण्याच्या मगात उभा ठेवणे आवश्यक असते. सिंथेटिक ब्रशला अशी कोणतीही पूर्वतयारी लागत नाही.

सिंथेटिक ब्रशविषयी आपल्याकडे जी अढी आहे, तिचे मूळ जुन्या नायलॉनमध्ये आहे. नायलॉनचे तंतू बाजारात प्रथम आले ते १९३८ मध्ये, अमेरिकेत, टूथब्रशच्या केसांच्या रूपात. पुढे त्याच जातीचे जाड, बोथट धागे दाढीच्या ब्रशात आले आणि सलूनमधल्या प्लास्टिकच्या मुठीच्या, कडक, पसरट ब्रशाचा स्पर्श कित्येक पिढ्यांच्या गालांनी अनुभवला. आजचा धागा बारीक असतो, त्याची टोके निमुळती केलेली असतात आणि चांगल्या ब्रशाचा गुच्छ भिजल्यावर बॅजरपेक्षाही मऊ लागतो. जर्मनीतल्या म्यूलेसारख्या, बॅजरचे ब्रश बनवण्यात मुरलेल्या कंपन्यांनीही सिंथेटिक ब्रशांना आपल्या यादीत मानाचे स्थान दिले आहे. तेव्हा सलूनमधल्या त्या ब्रशावरून या धाग्याची परीक्षा करणे हा त्याच्यावर सरळसरळ अन्याय आहे.

उलट, नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या समजुतीला इतिहासात एक जबर धक्का बसलेला आहे. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांची आवक खुंटली, तेव्हा घोड्याच्या केसांना रंग देऊन ते बॅजरचे म्हणून ब्रशांत भरले जाऊ लागले. आशियातून आलेल्या या केसांचे निर्जंतुकीकरण नीट झालेले नसे आणि त्यांत अँथ्रॅक्सचे जंतू सुप्तावस्थेत राहिलेले असत. दाढी करताना झालेल्या बारीकशा कापातून ते शरीरात शिरत. १९१५ ते १९२४ या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना अशी बाधा झाल्याची नोंद आहे. आजच्या केसांवर प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे यात घाबरण्यासारखे काही नाही. पण रंगवलेले पट्टे दाखवून बॅजरचा भाव लावण्याची युक्ती अजून जिवंत आहे.

केस खरे आहेत की प्लास्टिकचे, एवढे तरी घरच्या घरी ओळखता येते. नव्या ब्रशातून पहिल्या काही दिवसांत एखाददुसरा केस गळतोच. तो चिमट्यात धरून काडीच्या ज्योतीजवळ न्यावा. खरा केस चुरचुरत जळतो, त्याला केस जळाल्याचा ओळखीचा उग्र वास येतो आणि मागे उरलेली काळी राख बोटांनी चुरडली जाते. सिंथेटिक धागा आक्रसून वितळतो आणि टोकाला कडक मणी तयार होतो. ज्या घरांत डुकराचे केस धर्माच्या किंवा आहाराच्या कारणाने वर्ज्य आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती हौसेपुरती राहत नाही. खोक्यावर केसांचा प्रकार छापलेला नसताना असा ब्रश गळ्यात मारणे मला तरी गैर वाटते. अशा घरांनी सिंथेटिक असे स्पष्ट लिहिलेलाच ब्रश घ्यावा.

आता पुण्याच्या हवापाण्याविषयी. जुलै-ऑगस्टमध्ये येथील हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि न्हाणीघरातल्या फळीवर ठेवलेला केसांचा ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळीही मुळाशी ओलाच लागतो. तो तसाच रोज वापरला तर गुच्छाच्या बुडाशी कुबट वास धरतो आणि केस तिथूनच तुटू लागतात. दोन ब्रश आळीपाळीने वापरणे हाच यावर खरा उपाय आहे. सिंथेटिक ब्रश दोनदा झटकून टॉवेलवर फिरवला, की काही तासांत कोरडा होतो, आणि माझ्या लेखी त्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. पाण्याची गोष्ट थोडी वेगळी. खडकवासल्याचे नळाचे पाणी तुलनेने मृदू असल्याने पेठांत कोणत्याही ब्रशाने फेस भरघोस येतो. बोअरवेल किंवा टँकरवर चालणाऱ्या उपनगरांतल्या सोसायट्यांत मात्र पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरट चिकटा तयार करतात. तो दोन्ही प्रकारच्या ब्रशांवर बसतो आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात ब्रश थोडा वेळ बुडवून ठेवल्यास निघतो. उकळते पाणी मात्र कोणत्याच ब्रशावर ओतू नये, कारण त्याने केस ठिसूळ होतात आणि गुच्छ मुठीत बसवणारा डिंक सुटतो.

साबणाचा विचार केल्याशिवाय ही तुलना पुरी होत नाही. ट्यूबमधल्या क्रीमला सिंथेटिक ब्रश उत्तम, कारण वाटाण्याएवढ्या क्रीममधूनही तो अर्ध्या मिनिटात दाट फेस काढतो. फक्त पाणी जपून, थेंबाथेंबाने घालावे, नाहीतर फेस दिसायला भरपूर आणि आतून पोकळ होतो, आणि पाते गालावर कोरडे ओढले जाते. वडीच्या कडक साबणावर मात्र मऊ सिंथेटिक ब्रश नुसता घसरत राहतो. तेथे डुकराचा राठ केस साबण अक्षरशः खरवडून घेतो आणि हनुवटीखालचे चिवट खुंट उभे करण्यातही त्याचा हात कोणी धरू शकत नाही. बॅजरचा ब्रश ही दोन्ही कामे बऱ्यापैकी करतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरला, की त्यातला ऊबदार फेस गालाला सुखावतो, हे मान्य करायला हवे. पण त्या सुखासाठी कित्येक पटींनी जास्त पैसे मोजावेत आणि एका प्राण्याचा जीव खर्ची घालावा, इतका फरक मला तरी जाणवलेला नाही.

विकत घेताना मुठीच्या देखणेपणापेक्षा गुच्छाकडे पाहावे. मुठीशी त्याचा व्यास २२ ते २४ मिलिमीटर असला तर बहुतेक चेहऱ्यांना पुरतो. २६ च्या पुढचा ब्रश नाकाखाली अडचणीचा होतो आणि साबणही अधिक खातो. गुच्छ मुठीबाहेर साधारण ५० ते ५५ मिलिमीटर असावा, कारण त्याहून लांब सिंथेटिक ब्रश गालावर लुळा पडतो. डुकराचा मात्र थोडा लांब असला तरी चालतो. दुकानात अंगठ्याने गुच्छ एका बाजूला झुकवून सोडावा आणि तो लगेच सरळ होतो का, तसेच मुळाशी डिंकाचा थर वर आलेला दिसतो का, हे पाहून घ्यावे.