नॉब मीच फिरवला होता

आरशावरचं कोटिंग लेसरचा किती मारा सोसतं, हे आम्ही तपासत होतो. पहिला आरसा १२ जूल प्रति चौरस सेंटिमीटरलाच फुटला, तेव्हा कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. कोटिंगवाल्यांना नावं ठेवणं हा आमच्या लॅबचा जुना छंद. हे कोटिंग एरवी २० सहज सोसायचं. "नमुना नीट पुसला नसणार," म्हणून दुसरा लावला. तोही गेला.

'फुटला' म्हणजे काचेचे तुकडे होत नाहीत. बारीकशी ठिणगी, 'टक्' असा आवाज, आणि त्या जागेवर रोखलेल्या लाल हेलियम-निऑन किरणाचं विखुरणं एकदम वाढतं. खड्डा दिसतो तो मायक्रोस्कोपखाली.

मग आमचा स्वतःचा ठेवणीतला आरसा लावला, ज्याचं वागणं पाठ आहे. १२ ला टक्. आता मात्र पोटात गोळा आला, कारण तोवर कोटिंगवाल्यांना खरमरीत ईमेल गेला होता.

एनर्जी मीटर बरोबर. कॅमेऱ्यातला ठिपका गोल, व्यास तोच. ऑसिलोस्कोपवर लेसरच्या पल्सचा, म्हणजे एका झटक्याचा आलेख: ८ नॅनोसेकंदांची गुळगुळीत टेकडी. जास्तच गुळगुळीत! कुणीतरी 'चित्र छान यावं' म्हणून बँडविड्थची मर्यादा २०० मेगाहर्ट्झवर लावून ठेवली होती, म्हणजे त्याहून वेगवान चढउतार स्कोप दाखवतच नव्हता. रिपोर्टात छान दिसण्याचा हा सोस एक दिवस लॅब बुडवणार. मर्यादा काढली आणि टेकडीच्या जागी सुयांचं रान उभं राहिलं.

लेसरचा सीडर, म्हणजे मुख्य लेसरला एकाच वारंवारतेचा प्रकाश पुरवणारा छोटा लेसर, सुटला होता; त्याची मुख्य लेसरवरची पकड गेली होती. तो असतो तेव्हा १०६४ नॅनोमीटरचा एकच मोड, म्हणजे प्रकाशाची एकच नेमकी वारंवारता, चालतो. सुटला की अनेक मोड एकमेकांत मिसळतात आणि पल्सच्या आत तीक्ष्ण शिखरं उठतात. एकूण ऊर्जा तेवढीच राहते, म्हणून मीटरला पत्ता नाही. कॅमेरा अख्ख्या पल्सची बेरीज करतो, म्हणून त्यालाही नाही. कोटिंगला मात्र शिखरांचा मार बसतो.

सीडर पुन्हा जागेवर आणायला जेमतेम वीस मिनिटं लागली. माफीचा ईमेल लिहायला त्याहून जास्त.

पण सीडर सुटला की पल्स तयार व्हायला वेळ लागतो, ती उशिरा निघते. क्यू-स्विचच्या, म्हणजे लेसरमधून पल्स सोडणाऱ्या झडपेच्या, ट्रिगरवर लावलेल्या स्कोपवर ती उजवीकडे सरकते. त्या सकाळी ती सरकलेली होती. मी पाहिलं होतं. वाटलं, कुणीतरी नॉबला हात लावला असेल, आणि मीच नॉब फिरवून ती पुन्हा मध्यावर आणली.