रांगोळी प्लॉटर: ठिपके जागेवर, रेघ मात्र फुगली

रांगोळीचं डिझाइन आपोआप काढणारं मशीन, म्हणजे प्लॉटर, बनवतोय. गोल फिरणारी थाळी आणि तिच्यावर मध्यापासून बाहेर सरकणारा पेन, एवढं आता जुळून आलंय. ३०० मिमी व्यासाची एमडीएफची थाळी सातपूरला ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कापून घेतली, स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) २०० स्टेपचा, तिला चालवणारा ड्रायव्हर १/१६ वर (एका स्टेपचे १६ भाग), म्हणजे एका फेऱ्याला ३२०० स्टेप आणि कडेला एक स्टेप साधारण ०.३ मिमीची पडते, रांगोळीला भरपूर झालं.

डिझाइन असतं एक्स-वायमध्ये, मशीनला हवा आर (केंद्रापासूनचं अंतर) आणि थीटा (कोन). आर सोपा, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. घोळ थीटाचा. भाची बारावीला आहे, तिच्या वहीतलं (-१, -√३) टाकून बघितलं तर आर २ आला पण कोन ६०°, आणि ठिपका पडला बरोबर समोरच्या बाजूला. कोन काढायला वाय भागिले एक्स केलं की दोन्ही ऋण चिन्हं उडून जातात आणि कुठला चरण तेच कळत नाही. "मामा, तिसरा चरण आहे ना, १८० मिळव," ती लगेच म्हणाली. २४०! कोडमध्ये आता एटॅन-टू (atan2, चरण बघून कोन देणारं फंक्शन) वापरतोय, त्याला वाय आणि एक्स वेगवेगळे द्यायचे, वाय आधी. तो -१२०° देतो, म्हणजे जागा तीच.

पण मग १७९° वरून -१७९° ला जाताना थाळी २° पुढे जायच्या ऐवजी ३५८° उलटी फिरली आणि पेन खाली असल्यामुळे अख्ख्या डिझाइनवर वर्तुळ उमटलं. फरक १८० च्या वर गेला की ३६० वजा, -१८० च्या खाली गेला की ३६० अधिक, एवढ्यावर सुटलं.

खरी मजा पुढे आली. आईला दाखवलं तर म्हणाली, "ठिपके जागेवर आहेत रे, रेघ बाहेर फुगलीये." (१००, ०) पासून (०, १००) पर्यंत सरळ रेघ हवी होती. दोन्ही टोकांना आर १००च, म्हणून मशीनने आर हलवलाच नाही, फक्त ९०° फिरलं आणि पाव वर्तुळ काढलं. रेघेचा मध्य (५०, ५०), तिथे आर ७०.७ पाहिजे, म्हणजे तब्बल २९ मिमीचा फुगवटा! नुसती टोकं बदलून चालतच नाही, मधला प्रत्येक बिंदू बदलावा लागतो. आता १४१ मिमीच्या रेघेचे एकेक मिमीचे तुकडे करून प्रत्येकाचा आर-थीटा काढतोय आणि रेघ पट्टीला लावून बघितली, अगदी सरळ.

राहिलंय ते केंद्र. केंद्रापासून १ मिमीवरून रेघ गेली तर २ मिमीत थाळीला ९०° फिरावं लागतं आणि मोटर स्टेप सोडते, म्हणून १० मिमीच्या आत पेनचा स्पीड उतरवलाय. आर शून्य असताना कोन नसतोच, तिथे आधीचा थीटा तसाच धरतो. पाडव्याच्या आधी सात ते चार ठिपक्यांची काढायचीये आणि तिची मधली सातची ओळ नेमकी केंद्रातूनच जाते, तर कुणी असं मशीन केलं असेल तर केंद्राजवळ स्पीड किती ठेवता ते सांगा.