दीड किलोचे बिऱ्हाड

अमेरिकेत रिव्हॉल्वर घ्यायचे म्हणजे अर्ज भरावा लागतो, ओळखपत्र दाखवावे लागते आणि तुमच्या नावावर काही गुन्हा नाही ना याची तपासणी होते. होल्स्टरला, म्हणजे ते अंगावर वागवण्याच्या म्यानाला, यांतले काहीही लागत नाही. पैसे टाकावेत आणि उचलून न्यावे. तरीसुद्धा रिव्हॉल्वर शिकारीचे असेल, म्हणजे साडेसात इंची नळीचे, चव्वेचाळीस मॅग्नम नावाच्या दणकट काडतुसाचे आणि रिकामे असतानाच दीड किलो भरणारे असेल, तर ते स्वतः लवकर हाती लागते आणि त्याच्यासाठी खिशाला परवडणारे होल्स्टर शोधण्यात मात्र अख्खा हंगाम निघून जातो.

याचे कारण दुकानाच्या भिंतीकडे पाहिले की कळते. तिथे होल्स्टरांच्या रांगा टांगलेल्या असतात, पण त्यांतली बहुतेक शर्टाखाली लपतील अशा चपट्या पिस्तुलांसाठी घडवलेली असतात, कारण खप त्यांचा आहे. लाखो माणसे ती पिस्तुले रोज कमरेला लावून हिंडतात. त्यामुळे एकेका नमुन्याचे साचे तयार असतात, माल ढिगाने निघतो आणि भाव उतरतो. मोठ्या रिव्हॉल्वरचे गिऱ्हाईक नोव्हेंबरच्या तोंडावर उगवते आणि डिसेंबरात दिसेनासे होते. शिवाय प्रत्येकाच्या नळीची लांबी वेगळी, एकावर दुर्बीण बसवलेली, दुसऱ्यावर नाही. अशा गिऱ्हाइकासाठी माल भरून ठेवणे कोणत्याच दुकानदाराला परवडत नाही, आणि यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही.

मी मिशिगनच्या दक्षिण भागात राहतो. इथे बंदुकीने हरणे मारण्याचा हंगाम दरवर्षी १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. हा मुलूख सपाट, शेतीवाडीचा आणि दाट वस्तीचा असल्यामुळे लांब पल्ल्याच्या रायफलींवर इथे कित्येक दशके निर्बंध राहिले, आणि म्हणून शॉटगन किंवा मोठ्या काडतुसाची हातबंदूक घेऊन रानात जाण्याची रीत या भागात मुरली. महाराष्ट्रात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार ही पणजोबांच्या पिवळ्या पडलेल्या छायाचित्रांपुरती उरलेली गोष्ट आहे, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत हा विषय निघाला की आरतीच्या ताटाभोवती थोडी शांतता पसरते. ती मी समजू शकतो. इथल्या कायद्याची गंमत मात्र त्याच मंडळींना सांगण्यासारखी आहे: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला एरवी बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, पण त्याच्याकडे शिकारीचा वैध परवाना असेल तर त्या मनाईतून सूट मिळते. अनेक देशी संगणकतज्ज्ञांना याचा पत्ता नसतो, आणि ते बरेच म्हणायचे.

माझे रिव्हॉल्वर रूगर कंपनीचे सुपर रेडहॉक आहे. ही घडण १९८७ मध्ये बाजारात आली. त्याची एकूण लांबी तेरा इंच, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीहून थोडी जास्त. याच कंपनीचे नुसते रेडहॉक त्याआधीपासून होते, आणि नावांतल्या साम्यामुळे एकाचे होल्स्टर दुसऱ्याला चालेल असे कोणालाही वाटावे. तसे होत नाही. सुपर रेडहॉकची पोलादी चौकट सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याच्या, पुढे बरीच लांब वाढवलेली आहे आणि नळीचा मागचा भाग तिने चहूबाजूंनी वेढलेला आहे. दुर्बिणीची कडी बसवण्याच्या खाचाही त्याच जाड भागावर आहेत. रेडहॉकच्या मापाने शिवलेल्या होल्स्टरमध्ये हे रिव्हॉल्वर त्या उंचवट्यापर्यंत सुरेख आत जाते आणि तिथे अडून बसते. जुन्या बाजारात स्वस्त होल्स्टरे पुष्कळ मिळतात, पण विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर ‘मोठे रिव्हॉल्वर’ एवढेच लिहिलेले असते.

इतक्या वजनाचे हत्यार अंगावर वागवायचे कसे, हा प्रश्न नवा नाही. १८४७ सालचे कोल्ट वॉकर हे रिव्हॉल्वर साडेचार पौंडांचे, म्हणजे दोन किलोंहून जड होते, आणि ते माणसाने कमरेला लावावे अशी त्या काळी कोणाची अपेक्षाच नव्हती. खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर दोन्ही बाजूंना चामड्याच्या जाड पिशव्या लटकवलेल्या असत, त्यांत एकेक वॉकर ठेवलेले असे, आणि सगळा भार घोडा वाहत असे. पुढच्या काही वर्षांत रिव्हॉल्वरे हलकी झाली आणि कमरेवर आली. त्यानंतर १९५५-५६ च्या सुमारास चव्वेचाळीस मॅग्नम आले आणि मोठ्या हत्याराची हौस परत आली. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनने ‘मॉडेल ५००’ काढले, त्याचा लांब नळीचा नमुना पुन्हा दोन किलोंच्या घरात गेला. वजन असे वॉकरपाशी येऊन ठेपले, पण मधल्या काळात घोडा गेला होता. आजच्या होल्स्टरवाल्यांचा निम्मा खटाटोप मला या गेलेल्या घोड्याची जागा भरून काढण्याचाच दिसतो.

कंबर ही जागा या कामाला फारशी चांगली नाही. उभे असताना सगळे झकास वाटते. पट्टा रुंद आणि जाड असेल तर वजनही सहन होते. पण हरणाची शिकार ही मुख्यतः बसून राहण्याची कला आहे. घडीच्या खुर्चीवर बसले की साडेसात इंची नळीचे टोक खुर्चीच्या कडेवर टेकते, होल्स्टर वर ढकलले जाते आणि रिव्हॉल्वरची मूठ बरगड्यांत घुसते. मग माणूस कुशी बदलतो, खुर्ची करकरते, आणि पाऊणशे पावलांवर मान खाली घालून मक्याची धाटे हुंगणारी हरिणी मान वर करते. काखेत अडकवण्याचे होल्स्टर चित्रपटात शोभते, परंतु त्यात इतकी लांब नळी आडवी ठेवली तर तिचे टोक पाठीमागे डोकावते आणि उभी ठेवली तर ती कोटाखाली मांडीपर्यंत पोचू पाहते.

उरते ती छाती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांच्या दलाला दिलेल्या होल्स्टरांत पिस्तूल छातीशी बांधले जाई, कारण रणगाड्याच्या अरुंद झाकणातून चढता-उतरताना कमरेला लटकलेली वस्तू हमखास अडकते. तीच कल्पना पुढे अलास्कात रुजली, कारण कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सामन मासे पकडणाऱ्याला अस्वलाच्या भीतीने मोठे रिव्हॉल्वर जवळ हवे असते आणि ते कोरडेही राहायला हवे असते. एक पट्टा खांद्यावरून, दुसरा पाठीवरून काखेखालून. रिव्हॉल्वर छातीवर तिरपे, मूठ उजव्या हाताच्या वाटेत. वजन खांद्यावर आणि पाठीवर वाटले जाते, बसता येते, पाठीवर पिशवी घेता येते. गळ्यात दुर्बीण अडकवली तर ती मुठीवर आपटत राहते, हा एक तोटा आहे खरा. पण माझे मत विचाराल तर मोठ्या रिव्हॉल्वरसाठी पैसे खर्चायचेच असतील तर ते नक्षीवर खर्चू नयेत, ते कुठे टांगले जाणार आहे यावर खर्चावेत.

छातीवरची नामांकित चामडी होल्स्टरे साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरांना पडतात आणि मागणी नोंदवल्यावर काही आठवडे वाट पाहावी लागते. तीस-चाळीस डॉलरांत मिळते ते नायलॉनचे. नायलॉनला नाके मुरडणारी मंडळी बहुधा त्याची बनावट पाहतच नाहीत. बाहेर जाड विणीचे कापड, मध्ये फोमचा थर आणि आत गुळगुळीत अस्तर, असे ते तीन पदरी असते. ते पावसाला घाबरत नाही, त्याला तेल लावावे लागत नाही, आणि नेमक्या मापाचे नसले तरी चालवून घेते, हा तर त्याचा सर्वांत मोठा गुण. अवगुणही आहेत. रिव्हॉल्वर बाहेर काढले की ते मोज्यासारखे मिटते, आणि परत आत सरकवायला दुसऱ्या हाताने तोंड उघडून धरावे लागते. भरलेल्या हत्याराच्या तोंडाशी आपलाच डावा हात नेणे मला मुळीच पसंत नाही. नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा खुंट, शिकारीच्या रिव्हॉल्वरवर उंच असते आणि ती अस्तराचा धागा धरून बसते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वरची पट्टी बहुतेक वेळा वेल्क्रोची असते. घरात ती उघडली तर कोणाचे लक्षही जाणार नाही. पहाटेच्या गोठलेल्या रानात तोच आवाज कोणीतरी चादर फाडल्यासारखा ऐकू जातो. ज्याने ती पट्टी योजली त्याने दुकानांचा अभ्यास पुष्कळ केला असेल, हरणांचा केलेला दिसत नाही.

कायडेक्स नावाचे कडक प्लास्टिक अलीकडे लोकप्रिय आहे. हे १९६० च्या दशकात विमानांच्या आतल्या भागांसाठी निघाले. तापवून मऊ केले की साच्यावर हवे तसे बसते आणि थंड झाल्यावर आकार सोडत नाही. आवाज त्याचाही होतो, काटेरी झुडपातून जाताना फांद्या त्यावर खरखरतात. पण खरी अडचण साच्याची आहे. कारागीर खऱ्या बंदुकीऐवजी त्याच मापाचा भरीव प्रतिरूप ठोकळा वापरतात, आणि खपाच्या पिस्तुलांचे असे ठोकळे सहज मिळतात. दुर्मीळ नळीचा ठोकळा एका गिऱ्हाइकासाठी कोण विकत घेणार? म्हणजे हिशेब पुन्हा तिथेच आला.

माझा तिढा सुटला तो उत्तर इंडियानात, आमिश लोकांच्या वस्तीत. हे लोक मोटारी चालवत नाहीत, विजेची सार्वजनिक जोडणी घेत नाहीत आणि आजही घोड्याच्या बग्गीतून बाजारहाट करतात. त्यामुळे घोड्याचा साज बनवणारे कारागीर तिथे अजून पोटापुरते नव्हे, चांगले कमावते आहेत. एका परिचिताने अशा एका दुकानाची वाट सांगितली. रिव्हॉल्वर रिकामे करून कुलपाच्या पेटीत आणि पेटी डिकीत, असे मी ते नेले. मिशिगनमध्ये पिस्तूल नुसते होल्स्टरात घालून गाडीत शेजारच्या आसनावर ठेवणे चालत नाही. ज्याच्याकडे ते लपवून बाळगण्याचा परवाना नाही, त्याला ते रिकामे करून बंद पेटीतून डिकीत न्यावे लागते, याचा होल्स्टर शोधणाऱ्यांपैकी निम्म्यांना विसर पडलेला असतो.

दुकानात पाऊल टाकताच जो वास आला तो मला कोल्हापूरच्या चपलांच्या गल्लीत घेऊन गेला, आणि त्याला कारणही आहे: तिथले चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या रसात कमावतात, इथलेही झाडांच्या सालीच्याच अर्कात कमावलेले होते. साज करणाऱ्या गृहस्थांनी मला काही विचारण्याआधी सिलिंडर बाहेर काढून सहाही घरांतून उजेडाकडे पाहिले, आणि मग रिव्हॉल्वर कागदावर आडवे ठेवून पेन्सिलीने त्याची कड गिरवली. चौकटीच्या त्या लांबट उंचवट्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि विचारले, “दुर्बीण बसवणार आहात का? आताच सांगा. नंतर माझ्या चामड्यात मावणार नाही.”

मी नाही म्हटले. साजाचे काळे चामडे त्यांनी बाजूला सारले, कारण त्यात चरबी आणि मेण इतके मुरवलेले असते की ते पाण्याने मऊ होऊन आकार घेत नाही. त्यांनी खोगिरातून उरलेला एक तुकडा काढला, जवळजवळ तीन मिलिमीटर जाडीचा. तो कोमट पाण्यात भिजवला, कापडासारखा लवचीक झाल्यावर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गुंडाळलेले रिव्हॉल्वर त्यात घातले आणि गुळगुळीत केलेल्या हाडाच्या पट्टीने सिलिंडरभोवती, चापाच्या कड्याभोवती ते दाबत गेले. माशीसाठी आतून एक चिंचोळी वाट ठेवली. दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या जाड सुईच्या यंत्रावर शिवण घातली. वरची पट्टी चामड्याचीच, पितळी बटणाची. ते बटण अंगठ्याखाली दाबून उघडले तर जवळपास आवाज होत नाही, हे त्यांनी दोनदा करून दाखवले. छातीचे पट्टे बग्गीच्या लगामाच्या उरलेल्या लांबीतून निघाले.

त्यांनी नव्वद डॉलर सांगितले. मी घासाघीस केली नाही. उरलेसुरले चामडे, हाताशी असलेले यंत्र आणि एका माणसाचे काही तास, एवढाच त्या किमतीचा हिशेब होता, आणि तो ज्या घोड्यांच्या जिवावर शक्य झाला ते बाहेर खांबाला बांधलेले होते. निघताना त्यांनी एक ताकीद दिली: हंगाम संपला की रिव्हॉल्वर यात ठेवायचे नाही. चामडे हवेतली ओल धरून ठेवते, कमावताना मुरलेले आम्ल त्याच्यात असतेच, आणि महिन्याभरात पोलादावर गंजाचे ठिपके उठतात. म्हणजे ज्या बिऱ्हाडासाठी इतकी पायपीट केली त्यात बिऱ्हाडकरू जेमतेम पंधरवडा राहणार.

माझ्याबरोबर रानात येणाऱ्या एका मित्राने ते पाहिले आणि त्याला लगेच तसेच हवे झाले. त्याच्याकडे मॉडेल ५०० आहे, पावणेनऊ इंचांच्या आसपास नळी, आणि वर दुर्बीणही. मी त्याला दुकानाचा पत्ता दिला आहे आणि दुर्बिणीचे आधीच सांगून टाक, असेही बजावले आहे. त्याला नव्वद डॉलरच सांगतील असे मात्र मी म्हटलेले नाही.