केसपेपरवरचं ध्येय कुणाचं?

पक्षाघातानं माझा उजवा हात धरला. दवाखाना, गोळ्या, फिजिओथेरपी हे सगळं व्यवस्थित पार पडलं, त्याबद्दल तक्रार नाही. राग आहे तो एका कॉलमचा.

डॉक्टरांनी ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, लिहून दिली. फिजिओ चालू असताना हे आणि काय नवीन, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. माझ्यापुरता फरक एवढाच, की फिजिओत खांदा किती वर जातो ते बघत होते आणि इथं त्या हातानं ब्लाऊज घालता येतो का ते बघतात.

कोल्हापुरातल्याच एका मोठ्या रुग्णालयात गेलो. फॉर्मवर 'रुग्णाचे ध्येय' असा कॉलम. खिडकीतल्या बाईंनी माझ्या मुलाला विचारलं, "आजींना काय काय जमायला पाहिजे?" मी शेजारीच व्हीलचेअरवर. माझी जीभ शाबूत होती, कान तर त्याहून तिखट. मुलगा म्हणाला, "पहिल्यासारखी व्हावी." बाईंनी 'पूर्ण स्वावलंबन' लिहिलं, नातेवाइकाची सही घेतली.

"अहो ताई, मला विचारा की!"

"आजी, एन्ट्री झाली आता. बदलायचं तर नवा केसपेपर काढावा लागंल. आणि केसपेपरची खिडकी बंद झालीय."

पुन्हा गेलो. नव्या केसपेपरला नवी चिठ्ठी लागते म्हणे. चिठ्ठी देणारे डॉक्टर त्या वारी नव्हते. ते भेटले तेव्हा रिपोर्ट जुन्या फाइलीत, आणि जुनी फाइल रेकॉर्डला गेलेली. शेवटी रिक्षावालाच विचारायला लागला, "मावशी, आज तरी खिडकी उघडी हाय न्हवं?" तोवर दर तपासणीला त्याच कॉलमपुढं शेरा पडायचा, 'साध्य नाही'. पडणारच! पूर्ण स्वावलंबन धडधाकट माणसाला तरी कुठं असतं? आमच्या घरातल्या पुरुषांना चहा करता येत नाही.

मग राजारामपुरीतल्या एका छोट्या सेंटरला गेलो. (थेरपिस्टची राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे आधीच विचारून घ्या.) तिथल्या मुलीनं आधी माझ्या मुलाला बाहेर बसवलं. मग म्हणाली, "काकू, सकाळी उठल्यापासून काय काय अडतं?" आंघोळ, ब्लाऊज, वेणी, भाकरी, रंकाळ्याची फेरी, सगळं भडाभडा सांगितलं. प्रत्येक कामाला एक ते दहा गुण द्यायचे: ते किती महत्त्वाचं, किती जमतं आणि जमतंय त्यावर समाधान किती. कॅनडात 1991 साली आलेली ही पद्धत आहे. थोड्या आठवड्यांनी पुन्हा गुण द्यायचे, दोनाचा फरक पडला तर सुधारणा खरी धरतात. जन्मभर पोरांना मार्क दिले, स्वतःला पहिल्यांदाच.

भाकरीला मी महत्त्वाचे दहा दिले. तिनं भाकरीचेच तुकडे केले. थापणं नंतर. दिवाळीपर्यंत फक्त एका भाकरीचं पीठ, बसून, परातीखाली ओलं फडकं घालून. मळायचं डाव्या हातानं, उजव्यानं परातीचा काठ धरायचा. मी चिडले. एक भाकरी तर आमचं मांजर खाईल! पण दिवाळीच्या आधीच जमलं, आणि त्या कागदावर पहिल्यांदा 'साध्य' लिहिलं गेलं.

ब्लाऊजचं सांगायचं राहिलं. हुक पुढून घ्या; घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. आंघोळीला स्टूल घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि केसपेपरचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा, फाइल रेकॉर्डला गेली तरी तो हाताशी राहतो.

आता भाकरी थापते. कडेला फाटते, पण फुगते. पुढच्या कागदावर रंकाळा लिहिलाय: काठी घेऊन, चौपाटीवरच्या पहिल्या बाकापर्यंत. मुलानं जोतिबाचा डोंगर सुचवला होता. तो मी डाव्या हातानं खोडला.