ऊन एका दुपारी मिळालं, विहिरींना अडीच महिने लागले (माझा अनुभव)

एमटेकचा प्रोजेक्ट होता, बीडच्या आष्टी तालुक्यात सौर पंपाने विहिरीतून दिवसाला किती पाणी निघेल याचा हिशोब. उन्हाचा डेटा नासाच्या पॉवर साईटवर मिळाला, अक्षांश-रेखांश टाकले की 1984 पासूनचं रोजचं ऊन, अकाउंटसुद्धा लागत नाही. पाऊस हवामान खात्याच्या पुणे ऑफिसच्या साईटवर, 1901 पासून, अक्षांश-रेखांशाच्या पाव पाव अंशाच्या चौकटींत. एका दुपारचं काम.

पण नुसत्या उन्हावर काही ठरत नाही. तेवढ्याच उन्हात 10 मीटर खोलीवरून जेवढं पाणी येतं त्याच्या साधारण निम्मंच 20 मीटरवरून येतं, म्हणजे विहिरीतलं पाणी किती खोल आहे ती पातळी माहीत नसेल तर सगळा हिशोब हवेत. आणि पातळी होती जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात, कपाटात.

पहिल्यांदा गाईडचं पत्र घेऊन गेलो तर म्हणाले विभागप्रमुखांची सही पाहिजे. ती आणली तर म्हणाले कुठल्या विहिरी ते लिहून द्या, अहो पण निरीक्षण विहिरींची (ज्यांची पातळी सरकार मोजतं त्या) यादी तुमच्याकडेच आहे ना, मी कुठून आणू? मग साहेब मीटिंगला, मग साहेब दौऱ्यावर, पुण्याहून एसटीने चार खेपा झाल्या आणि पाचव्या खेपेला कळलं की माझं पत्रच सापडत नाहीये. मी पोच घेतली नव्हती. कृपा करून आवक क्रमांक टाकून सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्या दिवशी स्टँडवर बसून मला रडू यायचं बाकी होतं, कारण हे आकडे सरकारी पैशातून, आपल्याच गावांच्या विहिरींवर मोजलेले आहेत आणि ते मागायला एवढं नाक घासावं लागतं.

शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज केला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, 30 दिवसांची मुदत असते. 26 व्या दिवशी फोन आला, या घेऊन जा.

हातात आले स्कॅन केलेले कागद. 22 विहिरी, सगळं टाईप केलं आणि नकाशावर टाकलं तर विहिरी तालुक्याच्या बाहेर पार दक्षिणेला! दोन दिवस डोकं खाल्लं. कागदावर अक्षांश 18.48 म्हणजे 18 अंश 48 मिनिटं होतं, दशांशात ते 18.80 होतं, तेवढ्याने विहीर 35 किलोमीटर सरकते. जिथे "कोरडी" लिहिलं होतं तिथे मी 0 टाकलं होतं, पण खोली 0 म्हणजे पाणी काठोकाठ भरलेलं, मे महिन्यात! तिथे रकाना रिकामा ठेवा आणि शेजारी शेरा लिहा.

हो, नासाच्या फाईलमध्ये -999 दिसलं तर ते ऊन नाही, त्या दिवसाचा आकडा नाही असा अर्थ. आधी काढा, मग सरासरी घ्या.

आणि एक राहिलं. माहिती संगणकात असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच मागता येते, कायद्यात तशी तरतूद आहे, अर्जात तेवढं एक वाक्य घाला. मी घातलं नव्हतं, चार रात्री टायपिंगमध्ये गेल्या.