तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूबवर फुकट मिळतं ते शिकायला तीन वर्षं कशाला?

बारावीचा निकाल लागला की मला फोन यायला लागतात. आईच्या ओळखीतल्या कुणाची तरी मुलगी असते, तिला डिजिटल मार्केटिंगला जायचं असतं, आणि तिच्या बाबांना माझ्या तोंडून एकच ऐकायचं असतं, की नको जाऊ देत. विचारतात मात्र असं, "पण बाय, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे ना? मग तीन वर्षं कॉलेज कशाला?" लग्नात विचारतात, जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर विचारतात, एकदा तर पणजीच्या कदंबात एका काकांनी दांडीला लटकत विचारलं आणि अर्ध्या बसने कान टवकारले. दरवेळी मी हसून काहीतरी गुळमुळीत बोलते. आता एकदाच नीट लिहून ठेवते, पुढच्यांना हेच वाचायला देईन.

तर हो, फुकट आहे. गूगलच्या स्किलशॉपवरचे कोर्स फुकट आहेत, मेटाचे, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्यांचेही फुकट आहेत, आणि मी तिसऱ्या वर्षाला जे जे टूल वापरलं त्यातलं निम्मं रात्री घरी व्हिडिओ बघूनच शिकले होते, सरांनाही ते माहीत होतं. पण गूगल ॲड्सचं सर्टिफिकेट एका वर्षात एक्सपायर होतं हेही ऐकून ठेवा, म्हणजे दुधाच्या पिशवीपेक्षा थोडं जास्त टिकतं इतकंच.

आणि कॉलेजचं काय टिकलं म्हणाल तर तेही सांगते, लपवायचं काय त्यात. चौथ्या सेमिस्टरला आम्हाला युनिव्हर्सल ॲनालिटिक्स होतं, म्हणजे वेबसाइटवर किती माणसं आली, काय बघितलं ते मोजायचं गूगलचं टूल. मे २०२३ च्या परीक्षेत 'बाउन्स रेट म्हणजे काय' हा पाच मार्कांचा प्रश्न आला, मी लिहिलं की माणूस एकच पान बघून परत जातो ती भेट म्हणजे बाउन्स, आणि पाचपैकी पाच घेतले. १ जुलै २०२३ ला गूगलने ते ॲनालिटिक्सच बंद केलं. त्याच्या जागी आलेल्या नव्या जीए-फोरमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलं तर एक पान बघितलं तरी बाउन्स धरत नाहीत. म्हणजे माझं पूर्ण मार्कांचं उत्तर दोन महिन्यांच्या आत चुकीचं झालं. गूगलने हे मार्च २०२२ मध्येच जाहीर केलं होतं, सिलॅबसपर्यंत बातमी पोचायला वेळ लागला. तर तुमचा मुद्दा मला कळत नाही असं समजू नका.

मला राग कशाचा येतो सांगू? "इन्स्टाग्राम चालवायला शिकतात" याचा. माझा चुलतभाऊ काजूचं दुकान चालवतो, तो मला सांगतो गूगलवर जास्त पैसे टाकले की जाहिरात वर येते, त्यात काय शिकायचं. नाही येत रे बाबा. तिथे दर सर्चला लिलाव होतो आणि त्यात तू लावलेली बोली एकटी नसते, तुझी जाहिरात त्या माणसाच्या प्रश्नाला किती लागू पडते, लोक त्यावर क्लिक करतील का, क्लिक केल्यावर उघडणारं पान धड आहे का, हे सगळं बोलीच्या जोडीला धरतात. तुझ्या वेबसाइटचं पान फोनवर उघडायला देवळातल्या आरतीइतका वेळ घेतं, म्हणून तुला तोच क्लिक महाग पडतो. आता हेही यूट्यूबवर आहे, कबूल. पण तू बघितलंस का? नाही. मला परीक्षा होती म्हणून मी बघितलं.

कॉलेजने खरं काय दिलं विचाराल तर कंटाळवाण्या गोष्टी दिल्या. स्टॅटिस्टिक्स दिलं, म्हणजे दोन जाहिरातींत एकीला अकरा क्लिक आणि दुसरीला चौदा आले तर 'दुसरी जिंकली' म्हणून नाचायचं नसतं. कायदा दिला. जाहिरातवाल्यांची स्वतःची एक कौन्सिल आहे, आस्की, १९८५ पासूनची, तिने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम काढले, आणि त्यात फुकट मिळालेलं जेवणही मोबदल्यात धरतात. हणजुण्याच्या कॅफेत फुकटात खाऊन 'हिडन जेम' म्हणून रील टाकणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, गोव्यात असं कोण बघतं. जुना इतिहासही दिला, अटेन्शन, इंटरेस्ट, डिझायर, ॲक्शन ही गिऱ्हाइकाला खरेदीपर्यंत नेणारी शिडी १८९८ सालच्या एका अमेरिकन जाहिरातवाल्याच्या नावावर सांगतात, अमूलची मुलगी १९६६ पासून होर्डिंगवर आहे आणि अजून म्हातारी झालेली नाही, वगैरे. मला तेव्हा हे सगळं म्युझियम वाटायचं. आणि त्या म्युझियममधली सगळ्यात धुळकट वस्तू म्हणजे चार पी. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, १९६० सालचे. सर पिवळ्या पडलेल्या नोट्समधून शिकवायचे. 'प्लेस' म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचा कसा आणि किती, यावर त्यांनी दोन अख्खी लेक्चर्स घेतली, मी मागच्या बाकावर बसून कॅनव्हावर पोस्टर करत होते.

आता मावशीचं सांगते. हे मी आजवर घरच्यांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

माझी मावशी डिचोलीजवळ एका गावात राहते आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, नेवऱ्या (म्हणजे करंज्या) करून देते. बारा-तेरा वर्षं करतेय. ती, तिची जाऊ आणि शेजारची एक बाई, अशा तिघी. आत ओल्या खोबऱ्याचं चून, म्हणजे सारण, त्यामुळे फार आधी करून ठेवता येत नाहीत, जे काही ते शेवटच्या तीन दिवसांत. दिवसाला पाचशे, म्हणजे दीड हजार नेवऱ्या. आणि तिची बांधलेली चाळीस घरं होती, त्यांचीच मागणी चौदाशेच्या आसपास जायची. हे आकडे मला तेव्हा माहीत नव्हते. म्हणजे तिला विचारले असते तर तिने चुलीसमोर बसल्या बसल्या सांगितले असते. मी विचारले नाहीत.

पाचव्या सेमिस्टरला लाइव्ह प्रोजेक्ट होतं, खरा क्लायंट आणि खरे पैसे. २०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला होती. मी मावशीला म्हटलं, तुझी जाहिरात करते. ती म्हणाली, "मला कशाला गो जाहिरात?" मी म्हटलं, प्रोजेक्ट आहे. तर म्हणाली, "तुझ्या अभ्यासाला उपयोग होत असेल तर कर." हे वाक्य मी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'क्लायंट ब्रीफ' या हेडिंगखाली काहीतरी वेगळंच करून लिहिलंय, 'व्यवसाय विस्ताराची इच्छा' असं.

पाच ते चौदा सप्टेंबर, दहा दिवस फोनवर जाहिरात चालवली, दिवसाला ३५० रुपये. डिचोलीवर पिन टाकून पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढलं, त्यात पणजी आली, म्हापसा आलं, फोंडा आलं, पलीकडे दोडामार्गही आलं. दोन फोटो लावले, एक केळीच्या पानावर मांडलेल्या नेवऱ्यांचा, छान उजेडातला, आणि दुसरा मावशीचा हात नेवरीची कड दुमडतोय असा, नखाला पीठ लागलेलं. हाताचा फोटो इतका पुढे गेला की तिसऱ्या दिवशी मी पहिला बंदच केला. फॉर्म फोनमध्येच उघडणारा, नाव आणि नंबर आपोआप भरलेले, माणसाने फक्त बटण दाबायचं. दहा दिवसांत २१२ लीड, म्हणजे नाव-नंबर देऊन गेलेली माणसं. एका लीडला साडेसोळा रुपये. मी वर्गात स्क्रीनशॉट दाखवला तर टाळ्या पडल्या, खरंच पडल्या.

त्यातल्या ९४ जणांना मी फोन करून ऑर्डर पक्की केली. ॲडव्हान्स घेतला नाही, कारण ॲडव्हान्स मागितला की लोक गळतात असं कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं (हो, यूट्यूबवर). सगळं एका शीटमध्ये भरलं. मावशीला म्हटलं तुझी नेहमीची गिऱ्हाइकं सांग, तीही घालते. तिने आठवून एकतीस नावं सांगितली आणि म्हणाली, बाकीचे येतात गो, त्यांचं काय लिहायचं. मी म्हटलं बरं.

पंधरा तारखेला तिने विचारलं, एकूण किती झाल्या? मी बेरीज केली. साडेतीन हजारांच्या वर. ती काही बोलली नाही, खोबरं किसत राहिली. मग म्हणाली, "आतां कितें करूं गो?"

दोन बायका जास्तीच्या बोलावल्या. त्या चवथीच्या दिवसांत स्वतःच्या घरचं सोडून आल्या, त्यांना काय दिलं ते मावशीने मला अजून सांगितलेलं नाही. सतरा तारखेच्या रात्री पावसाने लाइट गेली, गॅसच्या उजेडात आणि मोबाइलच्या टॉर्चवर तळण चाललं होतं, मी डब्यांवर नावांचे स्टिकर लावत होते. सुंदर स्टिकर होते, फॉन्ट मी निवडला होता. शेवटी झाल्या बावीसशे. अठराला सकाळपासून माणसं यायला लागली, म्हापशाहून स्कूटरने भिजत आलेला एक मुलगा, पर्वरीहून गाडी घेऊन आलेलं एक जोडपं, आणि अंगणात उभं राहून त्यांना सांगायचं, की नाहीत. काही भांडले. काहींनी नुसतं बघितलं आणि गेले, ते जास्त लागलं. आणि जवळजवळ तीस जण आलेच नाहीत, त्यांचे डबे तसेच, कारण बटण दाबायला आणि फोनवर हो म्हणायला त्यांचं काही गेलं नव्हतं. ते डबे दुसऱ्यांना द्यायचे का, तो माणूस संध्याकाळी आला तर, असा घोळ दुपारपर्यंत.

दुपारी वरच्या वाड्यावरची आजी आली. पायात चप्पल नाही, डोक्यावर प्लास्टिक, हातात स्टीलचा डबा. ती कधी फोन करत नाही, तिच्याकडे फोनच नाही, श्रावणात देवळात भेटली की मावशीला म्हणते यंदाही एकावन्न. बारा वर्षं. शीटमध्ये ती नव्हती. मी स्क्रोल करून बघितलं, तिच्यासमोर, दोनदा, जणू तिचं नाव सापडलं नाही ही तिचीच चूक. मावशी आत गेली आणि घरच्या गणपतीच्या नैवेद्याला काढून ठेवलेल्या एकवीस आणून तिच्या डब्यात घातल्या. म्हणाली, एवढ्याच झाल्या गो यंदा. आजी म्हणाली, असूं दे. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं.

आता पुढचं. त्या प्रोजेक्टला मला पन्नासपैकी सेहेचाळीस मिळाले. वर्गात सगळ्यात जास्त. रिपोर्टमध्ये चौदा तारखेपर्यंतचं सगळं होतं, ग्राफ होते, खर्च होता, हाताचा फोटो का जिंकला यावर पानभर विश्लेषण होतं. पंधरा ते अठरा नव्हतं. कुणी विचारलंही नाही, कारण मार्किंगच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. व्हायवाला बाहेरचे एक्झामिनर होते, त्यांनी विचारलं, परत केलंस तर काय वेगळं करशील? मी म्हटलं, रिटार्गेटिंग, म्हणजे ज्यांनी एकदा जाहिरात बघितली त्यांनाच परत दाखवायची.

तर काका, कॉलेज कशाला, याचं उत्तर मी यातून काय काढू? यूट्यूबवर शिकले असते तर हेच केलं असतं, कदाचित आणखी झटपट, आणखी मोठं वर्तुळ काढून. तेव्हा मी कॉलेजच्या बाजूने बोलते की बघा, 'प्लेस'ची दोन लेक्चर्स होती, सरांनी पिवळ्या कागदावरून नेमकं हेच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. पण मग त्याच कॉलेजने मला सेहेचाळीस का दिले? आणि ते मी घेतले का? एकोणीस-वीस वर्षांची मी म्हणते, अगं मार्क होते ते, सोडतं का कुणी. आताची मी तिला काही म्हणायला जाते तर ती म्हणते, तू तरी गेलीस का सरांकडे, सगळं सांगून टाकायला? नाही गेले. नोकरीच्या इंटरव्ह्यूतही तोच साडेसोळा रुपयांचा आकडा सांगितला, आणि त्यावरच नोकरी लागली. पणजीतल्या एका एजन्सीत आहे, काम बरं करते, क्लायंटला पहिल्या मीटिंगलाच विचारते की ऑर्डर दुप्पट झाल्या तर माल कुठून आणणार, आणि ते चिडतात. हे मला डिग्रीने शिकवलं की मावशीच्या अंगणाने, ते मी अजून ठरवू शकलेली नाही. दोन्हीची फी भरली गेली, त्यातली एक माझ्या बाबांनी भरली नव्हती एवढं खरं.

त्यानंतरच्या चवथीला मावशीने एक दोनशे पानी वही आणली. श्रावण लागला तसं तिने मला बोलावलं आणि म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे, नावं लिही. सदतीस घरं होती. तीन कमी झाली होती, कुठली ते मी विचारलं नाही. पहिलं नाव तिने वरच्या वाड्यावरच्या आजीचं सांगितलं, एकावन्न.

कदंबातल्या त्या काकांच्या मुलीने ॲडमिशन घेतली म्हणे. परवा तिचा फोन आला होता, लॅपटॉप कुठला घेऊ विचारत होती. तेवढं मी सांगितलं.